लिस्टांचा पसारा: मे ते ऑगस्ट २०२५ च्या नोंदी

४ मे, रविवार. देवगड तालुका, घरची माडी

आज पेट्या भरायची घाई जरा कमी होती. माडीवर पंखा लावून बसलो आणि तीन वर्षं टाळलेलं काम हातात घेतलं, मेलिंग लिस्टांची (एकाने लिहिलेला मेल सगळ्या सभासदांना पोचवणाऱ्या) मोजदाद. लिस्टा ११. न वाचलेले मेल ९,४३७. नुसत्या एप्रिलमध्ये ६१२ आले, त्यांतले ४१ उघडले, उत्तर दिलं ३ ना. बाकीचे ५७१ कशाला आले आणि कशाला पडून राहिले, रामेश्वरालाच ठाऊक.

टाकून द्यावं असं त्यात फार काही नाही. बागांचे नकाशे करतो त्या सॉफ्टवेअरच्या दोन लिस्टा, अडलं की तिथेच विचारतो. पोस्टग्रेस या डेटाबेसची सर्वसाधारण लिस्ट, ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाची भारताची, डेबियन या लिनक्स प्रणालीच्या सुरक्षा-सूचना, लिनक्सच्या गाभ्याची म्हणजे कर्नलची एक (ही हौस), आणि पाच किरकोळ.

बेत असा: मेलमधले फोल्डर ठेवायचे की सगळं फीड रीडरमध्ये (ठिकठिकाणच्या नव्या नोंदी स्वतः जाऊन गोळा करणाऱ्या प्रोग्रामात) हलवायचं, याचा पावसाआधी निकाल लावायचा. माझा कल फीडकडे आहे हे आधीच लिहून ठेवतो, नंतर तटस्थपणाचा आव नको. फोल्डरच्या नावापुढचा तो ठळक आकडा बघितला की वाण्याच्या उधारीची वही आठवते.

७ मे

फीडकडे जाण्याआधी फोल्डर का बिघडले ते शोधलं. माझे फिल्टर २०१६ चे, पुण्यातल्या नोकरीच्या काळातले. मेलच्या विषयात चौकटी कंसात लिस्टचं नाव दिसलं की मेल त्या फोल्डरात. पोस्टग्रेसवाल्यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये लिस्ट चालवणारं सॉफ्टवेअर बदललं आणि विषयातला कंस काढून टाकला. म्हणजे साडेसात वर्षं माझा फिल्टर नसलेल्या कंसाची वाट बघत बसला आणि मी त्यांचे मेल इनबॉक्समधून हाताने ढकलत बसलो. दोघांत शहाणा कोण ते ठरवणं कठीण.

कंस का काढला, तेही समजण्यासारखं आहे. पाठवणाऱ्याच्या सर्व्हरची डीकेआयएम सही (मेल वाटेत बदलला नाही याची डिजिटल खूण) मेलच्या मजकुरावर आणि सहसा विषयावरही असते. लिस्टने विषयात एक कंस घातला किंवा तळाला दोन ओळी जोडल्या की सही जुळत नाही. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या पत्त्यांसाठी 'तपासणीत जुळलं नाही तर मेल नाकारा' असं डीमार्क धोरण जाहीर केलं आणि जगभरच्या लिस्टांवर बोंबाबोंब झाली. तेव्हापासून कोणी पाठवणाऱ्याच्या जागी लिस्टचाच पत्ता घालतं, कोणी मेलला हातच लावत नाही. पोस्टग्रेस दुसऱ्या गटातली.

१० मे, शनिवार

विषयावर चाळणं बंद. प्रत्येक लिस्ट-मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुरावरच्या माहितीत, 'लिस्ट-आयडी' नावाची ओळ असते, मार्च २००१ च्या आरएफसी २९१९ मध्ये ठरलेली (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले दस्तऐवज). लिस्ट उद्या दुसऱ्या सर्व्हरवर गेली तरी ही ओळख शक्यतो तीच राहावी असा तिचा हेतू. ११ पैकी ११ लिस्टांत सापडली. आठ वर्षांपूर्वी बघायला हवी होती.

काका खाली ओटीवर सुपारी कातरत होते. ३१ वर्षं टपाल खात्यात, त्यातली बरीचशी सॉर्टिंगला. त्यांना हे सांगितल्यावर म्हणाले, "पत्त्यातला अक्षर कोण वाचता रे? पिन बघायचो नि खणात टाकायचा." पिनकोडाचे पहिले तीन आकडे सॉर्टिंग जिल्ह्याचे, शेवटचे तीन टपाल कचेरीचे. जिल्हे फुटले, नावं बदलली, तरी आमचा आकडा कोल्हापूरसारखाच ४१६ ने सुरू होतो. लिस्ट-आयडीचं काम नेमकं हेच.

दुसरी सुधारणा याहून महत्त्वाची निघाली. माझे फिल्टर थंडरबर्ड या मेल-प्रोग्राममध्ये, म्हणजे लॅपटॉपवर. लॅपटॉप बंद असला की चाळणी बंद, आणि फोनवर सगळा गाळ इनबॉक्समध्ये. आता नियम सर्व्हरवर ठेवले, सिव्ह या भाषेत. सिव्ह म्हणजे चाळणीच, २००१ पासूनची. आमच्या मेल पुरवणाऱ्याकडे डव्हकॉट हे मेल-सर्व्हरचं सॉफ्टवेअर चालतं आणि त्यातल्या सिव्हच्या भागाचं नाव पिजनहोल, म्हणजे काकांचे खण. त्यांना सांगितलं. "मगे पगार पण देतत काय?" एवढंच विचारलं.

१४ मे

नव्या चाळणीतूनही काही मेल इनबॉक्समध्ये पडतायत. दीड तास नियमात चूक शोधली. चूक नियमात नव्हतीच.

मेलमॅन या लिस्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरच्या लिस्टांमध्ये 'दुहेरी प्रत टाळा' अशी एक सोय असते आणि ती मुळातच चालू असते. कोणी 'सगळ्यांना उत्तर' देताना माझा पत्ताही ठेवला, तर लिस्ट म्हणते, याला थेट मिळालंय, आपण कशाला पाठवा. मग माझ्याकडे जी प्रत येते ती लिस्टमार्गे आलेलीच नसते, तिच्यात लिस्ट-आयडी कुठून असणार? आणि हे नेमकं माझ्या प्रश्नाला आलेल्या उत्तरांच्या बाबतीत होतं. एका थ्रेडचे (एकाच चर्चेचे) चार मेल फोल्डरात, दोन इनबॉक्समध्ये.

सोय बंद केली की प्रती दोन येतील. बंद केली नाही. विचार केला तर माझ्या नावाने आलेलं उत्तर इनबॉक्समध्ये पडतंय हे बरंच आहे. अपघाताने झालेली व्यवस्था, पण ठेवण्यासारखी.

त्याच पानावर दिसलं की एका किरकोळ लिस्टने माझं सभासदत्व थांबवलेलं आहे. मध्यंतरी टपालपेटी भरून मेल परत जात होते, त्याची शिक्षा. मेलमॅन परत आलेल्या मेलांचे गुण मोजतो. दिवसाला फार तर एक गुण, पाच भरले की तुमचं टपाल बंद. गेली दोन वर्षं ती लिस्ट गप्प आहे असं मी समजत होतो.

१७ मे, शनिवार

फीड रीडर उभा केला. माळ्यावरच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर मिनीफ्लक्स. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाल्यावर मी फीड सोडले होते. बारा वर्षांनी परत आलो, तर इथे कोणी काही हलवलेलं नाही. फीडची दोन रूपं, आरएसएस १९९९ चं, अ‍ॅटम २००५ चं, दोन्ही अजून तशीच.

लिस्टचा फीड मिळवणं मात्र सरळ नाही. मेलमॅनच्या जुन्या आवृत्तीतल्या पायपरमेल संग्रहाला फीडच नाही. मेल-आर्काइव्ह या संग्रहाकडून मिळतो. कर्नलच्या लिस्टा पब्लिक-इनबॉक्स या संग्रह-सॉफ्टवेअरवर असल्याने तिथे अ‍ॅटम आयता. डेबियनच्या सुरक्षा-सूचनांना स्वतःचा आरएसएस आहे. पूर्वी जीमेन होतं, २००२ पासून हजारो लिस्टा एका दारातून वाचता यायच्या. त्याचं वेब-पान २०१६ मध्ये गेलं, न्यूजचं (जुन्या न्यूजग्रुप पद्धतीचं) दार अजून उघडं आहे, पण तो तिसराच रस्ता. आत्ता नको.

मग फीड मिळालेल्यांतल्या जास्त मेलच्या आठ लिस्टांवर जाऊन 'सभासद ठेवा, मेल पाठवू नका' अशी खूण केली. म्हणजे लिहिता येईल, येणार काही नाही. संध्याकाळी इनबॉक्स उघडला, तीन मेल. बऱ्याच वर्षांनी असा रिकामा बघितला.

एक खोट लगेच दिसली. फीड सपाट असतो. बारा वेगवेगळ्या चर्चांची उत्तरं एकाखाली एक, आल्या वेळेनुसार. लिलावाला टोपलीत बांगडा, तारली, मांदेली एकत्र ओतावी तसं. मेलमध्ये प्रत्येक उत्तराला मूळ मेलचा क्रमांक चिकटलेला असतो, त्यावरून थ्रेड बांधले जातात. इथे नुसते मथळे.

२१ मे

कालपासून पाऊस. वळवाचा म्हणावा तर थांबत नाही. काढायचा राहिलेला आंबा गेला, त्यावर जास्त लिहीत नाही.

नकाशाच्या लिस्टवर प्रश्न टाकला: जुना गाव-नकाशा स्कॅन करून यूटीएम या नकाशा-जाळीच्या झोन ४३ वर बसवतोय, हाती खात्रीच्या खुणा सहाच (दोन विहिरी, देऊळ, तीन बांधांचे कोपरे), कडेचे सर्व्हे नंबर फुगून भलतीकडे जातात. काय चुकतंय?

२४ मे, शनिवार (वहीतून नंतर उतरवलेलं)

परवा रात्रीपासून लाईट नाही. राउटर बंद, माळ्यावरचा पाय बंद. कमी दाबाचं क्षेत्र दुपारी रत्नागिरी आणि दापोलीच्या मध्ये किनाऱ्याला लागलं असं रेडिओवर. आमच्याकडे वाऱ्याने दोन माड आणि गोठ्याचे पत्रे.

फोनला घरात रेंज नाही. सड्यावर चढून कातळावर उभं राहिलं की एक दांडी येते. तिथे मेल बघितले. इनबॉक्समध्ये चारच, चारही कामाचे. चाळणी सर्व्हरवर असल्याने माझ्या घरच्या अंधाराशी तिला देणंघेणं नाही. ४ मेच्या मानाने हे मोठं यश, पण साजरं करायला कोरडी काडेपेटीही नव्हती.

३० मे

लाईट काल संध्याकाळी आली. मान्सून २५ लाच देवगडपर्यंत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं होतं, एरवी आम्ही जूनचा पहिला आठवडा धरतो. यंदा पावसाआधी निकाल लावायचा बेत पावसानेच मोडला.

आता हिशेब. पाय सात दिवस बंद. सुरू झाल्यावर रीडरने सगळे फीड ओढले आणि शांतपणे 'अद्ययावत' म्हणून सांगितलं. मला शंका आली म्हणून नकाशाच्या लिस्टचा संग्रह उघडून ताडून पाहिलं. त्या सात दिवसांत लिस्टवर १३४ मेल. रीडरमध्ये ३०. कारण फीडच्या फाईलमध्ये एका वेळी शेवटच्या ३० नोंदी असतात. नवी आली की जुनी खालून गळते. रीडर तासातासाला जाऊन विचारतो, 'नवं काही?' विचारायलाच गेला नाही तर मधलं काय होऊन गेलं हे त्याला कळत नाही, आणि आपण काही चुकवलं आहे हेही कळत नाही. १०४ मेल गेले, आणि कुठे साधी खूणसुद्धा नाही.

गेले म्हणजे नष्ट झाले नाहीत, संग्रहात आहेत. पण मी मुद्दाम गेलो म्हणून सापडले.

मेलचं उलट. पेटी पुरवणाऱ्याकडे, त्याची लाईट त्याची. समजा सर्व्हर माझ्या घरात असता, तरी पाठवणारा सर्व्हर लगेच हात झटकत नाही. निदान चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा असं आरएफसी ५३२१ सांगतं. दार बंद दिसलं की पोस्टमन उद्या परत येतो. फीडमध्ये पोस्टमनच नाही, आपणच चावडीवर जाऊन फळा वाचायचा, आणि फळा तेवढाच.

१ जून, रविवार

त्या १०४ मध्ये माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं. २३ तारखेला एका भल्या माणसाने सविस्तर लिहिलेलं: सहाच खुणा असताना पातळ पत्र्यासारखं वाकणारं रूपांतर, म्हणजे थिन प्लेट स्प्लाइन, वापरू नये. ते खुणांपाशी तंतोतंत बसतं, पण खुणांच्या बाहेर वाटेल तसं ताणतं. पहिल्या घाताचं बहुपदी रूपांतर घ्या, थोडी चूक सगळीकडे सारखी पसरेल. २६ ला त्यानेच विचारलं, जमलं का? २८ ला दुसऱ्या कोणी त्यालाच म्हटलं, विचारणारे विचारून पळतात. मी सड्यावर एक दांडी शोधत होतो हे त्यांना कसं कळणार.

त्याने माझा पत्ता वेगळा ठेवला नव्हता, फक्त लिस्टला उत्तर दिलं होतं, आणि लिस्टला मीच सांगितलेलं, मेल पाठवू नका. कोणाला दोष देऊ?

बहुपदी करून बघितलं. सर्व्हे नंबर जागेवर.

८ जून

आभार मानायला गेलो तर त्याचाही घोळ. फीडमध्ये नोंद आहे, मेल नाही. 'उत्तर द्या' कशावर दाबू? विषय हाताने लिहून, आधी 'री' लावून पाठवलं. संग्रहात तो वेगळाच थ्रेड झाला, मूळ चर्चेपासून तुटलेला. विषयाची ओळ सारखी असून भागत नाही. उत्तराच्या हेडरमध्ये मूळ मेलचा मेसेज-आयडी लागतो. शेवटी संग्रहातून मूळ मेलची कच्ची प्रत उतरवली, थंडरबर्डच्या एका फोल्डरात घातली आणि मग तिला उत्तर दिलं. तीन ओळींच्या आभाराला पाऊण तास.

पूर्वी दिवसाचा गठ्ठा एकाच मेलमध्ये मागवून बघितला होता, त्यातही हेच व्हायचं. गठ्ठ्याला उत्तर दिलं की विषय 'गठ्ठा क्रमांक अमुक', आणि लोक चिडायचे. रास्तच.

१५ जून, रविवार

दिवसभर पाऊस. काकांना सगळी कथा सांगितली, कारण ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. ते कुळथाची पिठी भुरकत ऐकत होते. मग म्हणाले, "अरे, पत्र इला तर उत्तर देवक व्हया. उत्तर देवचाच नाय, तर ता पत्र कसला? पेपर म्हण त्येका." पेपर दुपारच्या एसटीने यायचा, एखाद्या दिवशी आला नाही तर नाही. पत्र चुकलं तर खात्याला जाब द्यावा लागायचा.

मी दीड महिना आकडा कमी कसा करायचा एवढंच बघत होतो. वाटणी लिस्टच्या गर्दीवर केली होती: जास्त मेल येतात ती फीडमध्ये, कमी येतात ती फोल्डरात. त्यामुळेच नकाशाची लिस्ट, जिथे मी बोलतो, ती फीडमध्ये गेली, आणि महिन्याला चार मेलची एक घोषणा-लिस्ट, जिला मी जन्मात उत्तर देणार नाही, ती फोल्डरात बसून राहिली. गर्दी हे मापच चुकीचं.

नवी वाटणी. नकाशाच्या दोन आणि ओपनस्ट्रीटमॅप, या मेलमध्ये परत. पोस्टग्रेसबद्दल अडखळलो. तिथे मी वर्षातून एकदा विचारतो, बाकी वाचतो. फीडमध्येच, आणि विचारायचं असेल त्या आठवड्यापुरता मेल चालू करायचा. घोषणा, डेबियन, कर्नल फीडमध्ये. सभासदत्व थांबलेली ती किरकोळ लिस्ट आणि आणखी एक, दोन्हींतून बाहेर पडलो.

२२ जून

शेजारच्या दादांचा ट्रॉलर बंदीमुळे ३१ जुलैपर्यंत किनाऱ्यावर. त्यांना वाटलं मी काहीतरी हवामानाचं यंत्र बसवलंय. "वादळाचो इशारो येता काय रे ह्यात?" येतो. आपत्ती व्यवस्थापनाच्या 'सचेत'वरचे इशारे फीड म्हणूनही मिळतात. जोडून दाखवला, पण त्यावर विसंबू नका म्हणून हात जोडून सांगितलं. तासाने एकदा विचारणाऱ्या रीडरवर समुद्रात जायचं नसतं. त्यांच्या फोनवर थेट येणारा संदेशच खरा.

६ जुलै, आषाढी

उपासाची साबुदाण्याची खिचडी आणि एक प्रयोग. उलट दिशा: फीड मेलमध्ये आणायचा. आरएसएस-टू-ईमेल नावाची छोटी आज्ञावली आहे, मूळ लिहिणारा अ‍ॅरन स्वार्ट्झ, ज्याने चौदाव्या वर्षी आरएसएस १.० च्या मसुद्यात हात घातला होता. प्रत्येक नवी नोंद मेल होऊन फोल्डरात पडते. थ्रेड मिळत नाहीत, पण सगळं एका जागी.

(चार दिवसांनी जोडलेलं) बंद केलं. फोल्डरपुढे ठळक आकडा परत आला, ६३, आणि मी परत वाण्याच्या वहीत. शिवाय आज्ञावली माळ्यावरच्या पायवरच चालत होती, म्हणजे लाईट गेली की परत तीच गळती. मिनीफ्लक्स भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर हलवला. पाय आता माळ्यावरून खाली, त्याच्या डब्यात काकांनी सुपारी ठेवली आहे.

२० जुलै

एक कल्पना फीडकडून उसनी घेतली. फीडचं खालून गळणं मे महिन्यात मला भोवलं, पण गळणं हा गुणही आहे. तीनही लिस्ट-फोल्डरांवर नियम लावला: ६० दिवसांपेक्षा जुना मेल आपोआप जाईल, तारा लावलेला सोडून. संग्रह जगाकडे आहे, मी कशाला सांभाळू. सात दिवसांत गळलेलं मला परवडत नाही. साठ दिवस मी हात लावला नाही तर तो मला नको होता.

नियम चालवण्याआधी जुने ९,४३७ आणि त्यांचे सोबती एका फाईलीत उतरवून ठेवले. भीती, दुसरं काय. काकांकडे १९७८ पासूनची मनिऑर्डरची पावती-पुस्तकं आहेत, वळण घराण्याचंच.

२४ ऑगस्ट, रविवार

बुधवारी गणपती. चाकरमानी यायला लागले, नेट मंद, प्रत्येक फोन व्हिडिओ ओढतोय. रीडरचं विचारणं तासावरून सहा तासांवर नेलं, फरक पडला नाही.

जुलैचे आकडे: तीन लिस्टांचे मेल १८८, उघडले ९७, उत्तर दिलं ११. फीडमध्ये किती आले ते मोजलं नाही, मिनीफ्लक्समधला न वाचलेल्यांचा आकडाच लपवून टाकला आहे. जुन्या मेलांची फाईल अजून उघडलेली नाही.

तारा लावलेले दोन. एक, मेमध्ये उत्तर देणाऱ्या त्या माणसाचा: बसवलेला गाव-नकाशा बघायला मागतोय, सर्व्हे नंबर झाकून पाठवायचा आहे. दुसरा एका नव्या मुलाचा, त्याच्याकडे फक्त चार खुणा आहेत आणि त्याला स्प्लाइन वापरायचं आहे. त्याला आज रात्री लिहितो, मखराचं काम आटोपलं की.